पायथन कोसळल्यावर हाताशी काय असतं: फॉल्टहँडलर आणि सोबतच्या साधनांचं परीक्षण

पायथनमध्ये काही बिनसलं की ट्रेसबॅक येतो. कुठली फाइल, कुठली ओळ ते कळतं आणि काम पुढे सरकतं. पण मेमरीच्या घोळामुळे खुद्द इंटरप्रिटरच कोसळला, तर यातलं काहीच होत नाही. टर्मिनलवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावल्याची तक्रार) एवढे दोन शब्द उमटतात, किंवा नुसतंच ‘किल्ड’. ‘फायनली’मधला कोड चालत नाही, ‘ॲटएक्झिट’मध्ये नोंदवलेली फंक्शनं चालत नाहीत आणि बफरमध्ये अडकलेले शेवटचे प्रिंट तर गेलेच. अशा वेळी सीपायथनबरोबर (पायथनचा नेहमीचा, सी भाषेत लिहिलेला इंटरप्रिटर) फुकट मिळणारी साधनं कितपत उपयोगी पडतात, ते इथे तपासलं आहे. सगळ्यात जास्त भर फॉल्टहँडलरवर, म्हणजे क्रॅशच्या वेळी पायथनची चालू ओळ छापणाऱ्या मॉड्यूलवर आहे, कारण नव्वद टक्के लोकांना तेवढंच लागतं, आणि नेमकं तेच बंद ठेवलेलं असतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. ‘कुठे मेलं’ हे सांगण्यात पायथन आज चांगलाच तयार झाला आहे. मेलेली प्रोसेस जागच्या जागी उठवण्याची सोय मात्र त्यात नाही, आणि ती नाही हेच बरं. मेमरी एकदा बिघडली की कुठला ऑब्जेक्ट शाबूत आहे आणि कुठला नाही हे इंटरप्रिटरलाही सांगता येत नाही. त्या अवस्थेत पुढे चालत राहणारी प्रोसेस डेटाबेसमध्ये काय लिहून ठेवेल याचा नेम नाही. सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल पकडून ‘चालू द्या’ म्हणणारे तुकडे इंटरनेटवर सापडतात, त्यांच्या नादी लागू नका. पायथनच्या ‘सिग्नल’ मॉड्यूलने लावलेला हँडलर इथे तसाही कुचकामी आहे: सी पातळीवर फक्त एक खूण ठेवली जाते, पायथनचं फंक्शन नंतर सवडीने चालतं, आणि ती सवड कधी येतच नाही. तीच सदोष सूचना पुन्हा चालते, पुन्हा फॉल्ट, पुन्हा खूण. प्रोसेस मरतही नाही आणि जगतही नाही.

साधनं उघडण्याआधी एक्झिट कोड (प्रोसेस संपताना मागे ठेवते तो आकडा) बघा. त्यावरून अर्धं निदान होतं. शेलमध्ये १३९ आला तर सेगमेंटेशन फॉल्ट (१२८ अधिक सिग्नल ११). १३४ आला तर कोणीतरी स्वतःहून अबॉर्ट केलं, म्हणजे सी लायब्ररीने किंवा पायथनच्याच ‘फेटल एरर’ने. १३७ म्हणजे सिग्नल ९, बाहेरून मारलं. बहुतेक वेळा लिनक्सच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग). पायथनच्या ‘सबप्रोसेस’मधून बघितलं तर हेच आकडे -११, -६ आणि -९ असे दिसतात. विंडोजवर ॲक्सेस व्हायोलेशनचा कोड -१०७३७४१८१९ असा येतो. कुठे तोच ३२२१२२५४७७ असाही छापतात. १३७ असेल तर खालचं फॉल्टहँडलर, जीडीबी (सी पातळीवरचा डीबगर) वगैरे सगळं बाजूला ठेवा आणि थेट ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या नोंदी) ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ ही ओळ शोधा. कंटेनरमध्ये असाल तर त्याच ओळीत ‘मेमरी सीग्रुप’ (प्रोसेसच्या गटावर कर्नलने लावलेली मर्यादा) असा उल्लेख असतो. सिगकिल, म्हणजे हाच सिग्नल ९, कोणालाच पकडता येत नाही, त्यामुळे तिथे कुठलंही साधन एक अक्षर बोलणार नाही.

आता फॉल्टहँडलर. हे मॉड्यूल २०१२ साली पायथन ३.३ बरोबर प्रमाण लायब्ररीत आलं. व्हिक्टर स्टिनर यांचं काम. चालू करायच्या तीन वाटा: कमांड लाइनवर ‘-एक्स फॉल्टहँडलर’, ‘पायथनफॉल्टहँडलर’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करणं (मूळ इंग्रजी नाव सगळं कॅपिटलमध्ये, मध्ये जागा नाही), किंवा कोडमध्ये ‘फॉल्टहँडलर.एनेबल()’. यातला व्हेरिएबलचा मार्ग सर्वांत चांगला. कारण तो चाइल्ड प्रोसेसेसनाही आपोआप मिळतो, आणि पहिली इम्पोर्टची ओळ चालायच्या आधीच हँडलर लागलेला असतो. कित्येक क्रॅश इम्पोर्टच्या वेळीच होतात; दोन लायब्रऱ्या एकाच सी लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या ओढून आणतात आणि तिथेच संपतं. ‘एनेबल()’ त्यानंतरच्या ओळीवर लिहिलेलं असेल तर त्याची पाळीच येत नाही.

चालतं का ते बघायला खोटा क्रॅश घडवणं सोपं आहे. सीटाइप्स (पायथनमधून सी लायब्रऱ्या बोलावण्याचं मॉड्यूल) इम्पोर्ट करा आणि ‘सीटाइप्स.स्ट्रिंग_ॲट(०)’ चालवा. शून्य पत्त्यावरून वाचायला सांगितल्यामुळे इंटरप्रिटर जागच्या जागी कोसळतो. हँडलर नसेल तर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढंच. हँडलर असेल तर आधी ‘फेटल पायथन एरर: सेगमेंटेशन फॉल्ट’, मग ‘करंट थ्रेड’ आणि त्याचा आकडा, आणि खाली ओळी: पहिली सीटाइप्सच्या स्वतःच्या फाइलमधली ‘स्ट्रिंग_ॲट’, तिच्याखाली तुमची ओळ. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. नेहमीच्या ट्रेसबॅकमध्ये शेवटचा कॉल तळाशी असतो, इथे तो सगळ्यात वर असतो. घाईत तळाची ओळ वाचून ‘मेन’ फंक्शनमध्ये बग शोधत बसणारे कमी नाहीत.

हा पंचनामा मुद्दाम त्रोटक ठेवलेला आहे. फाइल, फंक्शन, ओळीचा क्रमांक, बस्स. कोडची ओळ छापत नाही, व्हेरिएबलच्या किमती नाहीत. मजकूर फक्त आस्कीमध्ये. फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर त्या जागी बॅकस्लॅश आणि आकडे दिसतात. लांब नावं ५०० अक्षरांवर कापली जातात, आणि फ्रेम १०० व थ्रेड १०० ही मर्यादा आहे. कंजूषपणा वाटेल, पण कारण रास्त आहे. सिग्नल हँडलरमध्ये असताना मेमरी मागता येत नाही, कारण क्रॅश मेमरी वाटपाच्याच मधोमध झालेला असू शकतो. त्यामुळे मालोक (सीचं मेमरी मागण्याचं फंक्शन) टाळून, आहे त्या जागेत जेवढं लिहिता येईल तेवढंच हे मॉड्यूल लिहितं. स्टॅक संपून झालेल्या क्रॅशमध्येही ते बोलू शकतं, कारण जिथे सोय आहे तिथे ते स्वतःसाठी वेगळा स्टॅक आधीच राखून ठेवतं. हे काम फार नेटकं झालेलं आहे.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. आउटपुट फाइलमध्ये हवं असेल तर ‘एनेबल’ला फाइल देता येते, पण ती फाइल शेवटपर्यंत उघडी राहिली पाहिजे. फॉल्टहँडलर फक्त डिस्क्रिप्टरचा आकडा लक्षात ठेवतो. ‘विथ’ ब्लॉकमध्ये फाइल उघडून एनेबल केलं, की ब्लॉक संपताच फाइल बंद होते, तोच आकडा पुढे एखाद्या सॉकेटला किंवा डेटा फाइलला मिळतो, आणि क्रॅशच्या वेळी पंचनामा तुमच्या डेटा फाइलमध्ये लिहिला जातो. फाइल मॉड्यूलच्या पातळीवर एका ग्लोबल नावात धरून ठेवा. विंडोजवर कन्सोलशिवाय चालणाऱ्या पायथनडब्ल्यूमध्ये एरर स्ट्रीमच नसतो, तिथे फाइल द्यावीच लागते. ज्युपिटरमध्ये आउटपुट नोटबुकमध्ये दिसत नाही. सर्व्हर ज्या टर्मिनलमधून सुरू केला तिथे जाऊन बघा.

जावाच्या व्हर्च्युअल मशीनला पायथनमधून बोलावणाऱ्यांना एक वेगळाच त्रास होतो. ते मशीन सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल स्वतःच्या रोजच्या कामासाठी वापरतं. त्यामुळे विंडोजवर फॉल्टहँडलर चालू असताना ‘ॲक्सेस व्हायोलेशन’च्या ओळी येत राहतात आणि प्रोग्राम मात्र सुखाने चालतो. टेस्ट चालवायचं साधन पायटेस्ट ५.० पासून फॉल्टहँडलर आपणहून चालू करतं, म्हणून हा गोंगाट बहुधा टेस्ट चालवतानाच पहिल्यांदा कानावर येतो. तिथे ‘-पी नो:फॉल्टहँडलर’ देऊन तो बंद करता येतो.

पायथन ३.१० मध्ये फॉल्टहँडलरमध्ये दोन भर पडल्या, दिसायला किरकोळ, प्रत्यक्षात मोलाच्या. एक, क्रॅशच्या वेळी लोड झालेल्या सी एक्स्टेन्शन मॉड्यूल्सची (सीसारख्या भाषेत लिहून पायथनला जोडलेली मॉड्यूल्स) यादी शेवटी छापली जाते. बग पायथनचा की तिसऱ्याच कोणाचा, हा वाद त्या एका ओळीने मिटतो. दोन, क्रॅश गार्बेज कलेक्शन (वापरात नसलेले ऑब्जेक्ट साफ करण्याचं काम) चालू असताना झाला असेल तर तसं लिहून येतं. ‘गार्बेज-कलेक्टिंग’ हा शब्द दिसला की वर दाखवलेल्या तुमच्या ओळीवर संशय घेऊ नका. ती फक्त कलेक्टर जागा झाला तेव्हा चालू असलेली ओळ आहे. खरा गुन्हा आधीच कुठेतरी घडून गेला आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार इथे सर्रास होतो. ३.१४ मध्ये सी पातळीवरचा स्टॅकही छापण्याची सोय आली, ‘डम्प_सी_स्टॅक’ या नावाने. जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी जीडीबीला पर्याय नव्हता.

क्रॅश नाही पण प्रोसेस लटकली आहे, अशा वेळीही हेच मॉड्यूल कामी येतं. ‘डम्प_ट्रेसबॅक_लेटर’ला सेकंद द्या, तेवढ्या वेळात ते रद्द केलं नाही तर सगळ्या थ्रेड्सचे स्टॅक छापले जातात, आणि ‘एक्झिट’ खरं ठेवलं तर प्रोसेस तिथेच संपते. ‘रजिस्टर’ने सिगयूझर१ जोडून ठेवला तर चालू प्रोसेसला बाहेरून ‘किल’ कमांडने तो सिग्नल पाठवून स्टॅक काढता येतो. ‘रजिस्टर’ विंडोजवर मिळत नाही.

एवढं करून ओळ सापडली आणि त्या ओळीत काहीच चुकीचं दिसत नाही, ही पुढची पायरी. इथे ‘पायथनमालोक=डीबग’ उपयोगी पडतं. ३.६ पासून हा व्हेरिएबल आहे, पायथन पुन्हा बिल्ड करावा लागत नाही, आणि तरीही हे साधन फारसं कोणी वापरताना दिसत नाही. ते करतं काय? प्रत्येक मेमरी ब्लॉकच्या मागे-पुढे ‘एफडी’ या बाइटचं कुंपण घालतं, नव्याने दिलेली मेमरी ‘सीडी’ने आणि सोडलेली मेमरी ‘डीडी’ने भरतं. कोणी कुंपण ओलांडून लिहिलं असेल तर ब्लॉक सोडताना ते पकडलं जातं आणि तपशीलवार अहवाल येतो: ब्लॉकचा पत्ता, मुळात किती बाइट मागितले होते, शेपटीकडच्या कुंपणातला कुठला बाइट बिघडला. बिघडलेल्या बाइटसमोर चक्क तीन तारे आणि ‘आउच’ असं छापलेलं असतं. शेवटी ‘बॅड ट्रेलिंग पॅड बाइट’ म्हणून प्रोसेस अबॉर्ट होते, म्हणजे एक्झिट कोड १३४. जोडीला ‘-एक्स ट्रेसमालोक=२५’ दिलं तर तो ब्लॉक पायथनच्या कुठल्या ओळीने मागितला होता तेही अहवालात येतं. वेग आणि मेमरी दोन्हींवर भार पडतो, तेव्हा प्रॉडक्शनला नको, पण क्रॅश पुन्हा घडवायच्या मशीनवर हे दोन्ही लावाच. ‘-एक्स डेव्ह’ या एकाच पर्यायाने फॉल्टहँडलर आणि डीबग ॲलोकेटर दोन्ही चालू होतात. ट्रेसमालोक मात्र वेगळं द्यावं लागतं.

डीबग ॲलोकेटर आणखी एक चूक पकडतो. मेमरी एका कुटुंबातल्या फंक्शनने मागायची आणि दुसऱ्या कुटुंबातल्या फंक्शनने सोडायची, ही हाताने लिहिलेल्या एक्स्टेन्शनमधली नेहमीची चूक आहे. ‘ॲलोकेटेड युझिंग एपीआय एम, व्हेरिफाइड युझिंग एपीआय आर’ अशा अर्थाचा संदेश आला तर समजायचं की मागणी ‘पायमेम_मालोक’ने झाली आणि सोडलं ‘पायमेम_रॉफ्री’ने. एरवी ५१२ बाइटपर्यंतच्या मागण्या पायथन स्वतःच्या पायमालोककडून भागवतो आणि मोठ्या मागण्या सिस्टमच्या मालोककडे जातात. त्यामुळे ही चूक मोठ्या ब्लॉकवर खपून जाते आणि छोट्यावर फुटते. ‘माझ्या टेस्ट डेटावर तर चालत होतं’ या वाक्यामागे कित्येकदा हे कारण असतं.

मर्यादाही सांगायला हव्यात. कुंपण तपासलं जातं ते ब्लॉक सोडताना किंवा वाढवताना, चुकीचं लिहिलं त्या क्षणी नव्हे. कुंपणाच्या पलीकडे लांब उडी मारून लिहिलं तर ते दिसत नाही. आणि नम्पायच्या ॲरेचा डेटा या वाटेने येतच नाही, नम्पाय तो थेट सिस्टमकडून घेतो. तिथे ॲड्रेससॅनिटायझरच (कंपायलरबरोबर येणारा, मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस) हवा. त्याच्याबरोबर ‘पायथनमालोक=मालोक’ देणं सक्तीचंच समजा, नाहीतर पायमालोक मोठे तुकडे आणून आत वाटतो आणि सॅनिटायझरला त्या आतल्या सीमा दिसत नाहीत. व्हॅलग्रिंड या तशाच साधनाचंही तेच.

एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे, कारण पायथन लिहिणाऱ्यांच्या हातून, सी न लिहिताही, हाच क्रॅश सर्वांत जास्त वेळा घडतो. सीटाइप्सने एखादी शेअर्ड लायब्ररी उघडली, तिच्यातलं पॉइंटर परत देणारं फंक्शन बोलावलं, आणि ‘रेसटाइप’ सांगायचं राहिलं. न सांगितल्यास सीटाइप्स उत्तर ३२ बिटांचा पूर्णांक आहे असं धरून चालतो. ६४ बिटांच्या पत्त्यातले वरचे ३२ बिट गळून पडतात. फंक्शन बोलावलेल्या ओळीवर काहीच होत नाही; तो तुटका पत्ता पुढे दुसऱ्या फंक्शनला दिला की तिथे क्रॅश होतो. त्यातही पत्ता योगायोगाने खालच्या २ जीबीत असला तर सगळं बिनबोभाट चालतं. म्हणून एका मशीनवर चालतो आणि दुसऱ्यावर पडतो. फॉल्टहँडलर दुसरी ओळ दाखवतो, चूक पहिल्या ओळीवर असते. उपाय म्हणजे प्रत्येक फंक्शनला ‘रेसटाइप’ आणि ‘आर्गटाइप्स’ दोन्ही लिहायचे. अपारदर्शक हँडलसाठी ‘सी_व्हॉइड_पी’. डीबग ॲलोकेटरला यातलं काही कळणार नाही, ही चूक डोळ्यांनीच पकडावी लागते.

रेफरन्स काउंटच्या (एखादा ऑब्जेक्ट किती जण धरून आहेत तो आकडा; शून्य झाला की ऑब्जेक्ट मरतो) चुकांचं स्वरूप वेगळं आहे. ‘पायलिस्ट_गेटआयटम’ उसना रेफरन्स देतो. तो आपला समजून काउंट कमी केला तर ऑब्जेक्ट वेळेआधी मरतो, आणि क्रॅश होतो तो नंतर केव्हातरी. डीबग ॲलोकेटर चालू असेल तर जीडीबीत रजिस्टरमध्ये ‘डीडीडीडी’ची रांग दिसते, म्हणजे सोडलेली मेमरी वापरली जात होती हे निश्चित. पूर्वी ‘नन’चा काउंट चुकून जास्तीचा कमी केला तर ‘डीॲलोकेटिंग नन’ म्हणून पायथन ओरडायचा. ३.१२ पासून ‘नन’ अमर झाला, काउंट बदलतच नाही, त्यामुळे ती चूक आता गुपचूप दडून राहते. सुधारणा चांगली, पण एक राखणदार गेला.

जीडीबीबद्दल थोडक्यात. ‘पाय-बीटी’, ‘पाय-लिस्ट’, ‘पाय-लोकल्स’ या कमांड मिळाल्या तर मेलेल्या प्रोसेसच्या कोअर फाइलमधून (मरतानाच्या मेमरीची प्रत) पायथनची ओळ आणि व्हेरिएबलसुद्धा वाचता येतात. मिळाल्या तर. त्यासाठी पायथनची डीबग चिन्हं लागतात. डेबियन आणि उबुंटूवर ‘पायथन३-डीबीजी’ हे पॅकेज. कोअर फाइल मिळायला ‘यूलिमिट -सी अनलिमिटेड’ हवं, सिस्टमडीने (लिनक्सवरचा सर्व्हिस-व्यवस्थापक) चालवलेली सर्व्हिस असेल तर ‘लिमिटकोअर=इन्फिनिटी’, आणि फाइल कुठे जाते ते कर्नलच्या ‘कोअर_पॅटर्न’वर ठरतं. ही सेटिंग पूर्ण होस्टची असते, कंटेनरमधून वेगळी देता येत नाही. सिस्टमडी-कोअरडम्प असलेल्या वितरणांत ‘कोअरडम्पसीटीएल जीडीबी’ म्हटलं की शेवटचा क्रॅश थेट उघडतो, ही सर्वांत कमी कटकटीची वाट. मग बऱ्याच किमतींच्या जागी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसतं, ते गृहीत धरा. कोअर फाइलमध्ये प्रोसेसची सगळी मेमरी असते, म्हणजे पासवर्ड आणि टोकनही. बग रिपोर्टला जोडून पाठवू नका.

आता सावरणं. यात फक्त एक प्रकार प्रोसेसच्या आतून सावरता येतो, तो म्हणजे ‘मेमरीएरर’. त्यात मेमरी बिघडलेली नसते, फक्त मिळालेली नसते. सीपायथनने या अपवादाचे १६ ऑब्जेक्ट आधीच बनवून ठेवलेले असतात, म्हणजे मेमरी नाही हे सांगायलाही मेमरी नाही, अशी वेळ येऊ नये. तरी इथे लोक हमखास एका ठिकाणी अडकतात. ‘एक्सेप्ट मेमरीएरर’च्या आतच लहान तुकड्याने पुन्हा प्रयत्न करतात आणि तोही फसतो. कारण अपवाद जिवंत आहे तोवर त्याचा ट्रेसबॅक जिवंत असतो, ट्रेसबॅकमध्ये फ्रेम असतात, आणि फ्रेममध्ये ते सगळे अर्धवट भरलेले मोठे ॲरे तसेच धरून ठेवलेले असतात. ‘एक्सेप्ट’मध्ये फक्त एक खूण करा, ब्लॉकमधून बाहेर पडा, आणि पुन्हा प्रयत्न बाहेर करा. नोटबुकमध्ये याचा भाऊबंद भेटतो: न पकडलेला शेवटचा ट्रेसबॅक ‘सिस’ मॉड्यूलमध्ये साठवलेला राहतो आणि सेलचं उत्तर ‘आउट’मध्ये. ‘डेल’ करूनही मेमरी उतरत नाही ती यामुळे.

लिनक्सवर मात्र ‘मेमरीएरर’ मुळात येतोच क्वचित. कर्नल आहे त्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करतो. १६ जीबीच्या, स्वॅप नसलेल्या मशीनवर ‘नम्पाय.झीरोज’ने ४० जीबी मागितले तर साफ नकार मिळतो. पण १० जीबीचे दोन ॲरे मागा, दोन्ही मिळतात, कारण शून्यांची पानं प्रत्यक्षात अजून दिलेलीच नसतात. तुम्ही त्यात लिहायला लागता तेव्हा कधीतरी ओओएम किलर येतो, आणि मरण ॲरे बनवलेल्या ओळीवर नाही तर कुठल्यातरी साध्या बेरजेवर येतं. हे टाळायचं तर मर्यादा आपणच घालायची. ‘रिसोर्स.सेटआरलिमिट’ने ‘आरलिमिट_एएस’ लावलं की त्यापुढची मागणी नाकारली जाते आणि पकडता येणारा ‘मेमरीएरर’ मिळतो. पण ही मर्यादा व्हर्च्युअल पत्त्यांवर असते. कुडा (एनव्हिडियाच्या जीपीयूसाठीची) किंवा भरपूर थ्रेड उघडणारी ओपनब्लास ही गणिती लायब्ररी वापरत असाल तर न वापरलेल्या पत्त्यांनीच ती भरते. ‘आरलिमिट_आरएसएस’ला लिनक्स जुमानत नाही, त्यात वेळ घालवू नका. तिथे सीग्रुप बरा: ‘सिस्टमडी-रन --यूझर --स्कोप -पी मेमरीमॅक्स=२जी -पी मेमरीस्वॅपमॅक्स=०’. यात प्रोसेस मरतेच, पण एकटी मरते; बाकीचं मशीन गोठत नाही.

बाकी सगळ्या क्रॅशना एकच वाट: धोक्याचं काम चाइल्ड प्रोसेसमध्ये, आणि मेलं तर नवी प्रोसेस. यासाठी पायथनमध्ये दोन पूल (काम वाटून घेणाऱ्या वर्कर प्रोसेसेसचे ताफे) आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुन्या ‘मल्टिप्रोसेसिंग.पूल’मध्ये वर्कर मेला तर त्याच्या जागी नवा येतो, पण मेलेल्याच्या हातातलं काम कोणीच परत करत नाही. ‘गेट()’ अनंतकाळ वाट बघत बसतो. एरर नाही, लॉग नाही. क्रॅशची शक्यता असलेल्या कामासाठी हा पूल सपशेल नापास. ‘प्रोसेसपूलएक्झिक्युटर’ निदान ‘ब्रोकनप्रोसेसपूल’ हा अपवाद देतो. त्याचा दोष असा की एक वर्कर मेला की पूर्ण पूल मोडीत निघतो, आणि रांगेतल्या निरपराध कामांवरही तोच अपवाद येतो. कोणत्या कामाने मारलं ते कळत नाही.

त्यावर चालणारी पद्धत अशी. पूल मोडला की टाकून द्या, नवा बनवा. पूर्ण न झालेली कामं एकाच वर्करच्या पूलमध्ये एकेक करून चालवा. ज्यावर पुन्हा पडेल ते गुन्हेगार. त्याला आणखी एक संधी द्यायची तर द्या, मग वेगळ्या यादीत टाका आणि बाकीची कामं पुन्हा मोठ्या पूलवर चढवा. पूल बनवताना ‘इनिशियलायझर’मध्ये वरची आरलिमिट लावता येते. मेमरी हळूहळू चढणारी लायब्ररी असेल तर ३.११ पासून ‘मॅक्स_टास्क्स_पर_चाइल्ड’ आहे, ठरावीक कामांनंतर वर्कर बदलतो. मात्र फोर्क पद्धतीबरोबर (चालू प्रोसेसची थेट प्रत काढून वर्कर बनवणं) तो चालत नाही, स्पॉन किंवा फोर्कसर्व्हर घ्यावा लागतो. ३.१४ पासून लिनक्सवर फोर्कसर्व्हर हीच मूळ निवड झाली आहे.

सामायिक वस्तूंकडे बघायला विसरू नका. ‘मल्टिप्रोसेसिंग.लॉक’ हातात असताना वर्कर मेला तर ते कुलूप कायमचं लागलेलं राहतं, पुढचे सगळे त्याच्यापाशी थांबतात. फाइलवरचं ‘एफलॉक’ मात्र कर्नल स्वतः सोडतो. क्रॅश होऊ शकणाऱ्या कामात ‘एफलॉक’च वापरा. सामायिक ‘क्यू’मध्ये लिहिता-लिहिता मेलेली प्रोसेस अर्धवट मजकूर सोडून जाऊ शकते; प्रत्येक वर्करला स्वतंत्र पाइप दिलेला बरा. अर्धवट काम साठवताना त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहा, फ्लश करा आणि ‘ओएस.रिप्लेस’ने नाव बदला. प्रोसेसच्या क्रॅशपुरतं एवढं पुरतं, कारण कर्नलकडे गेलेला डेटा प्रोसेसबरोबर मरत नाही. मशीनच गोठून पॉवर बटण दाबायची वेळ येण्याची शक्यता असेल तर नाव बदलण्याआधी ‘एफसिंक’ही करा.

सर्व्हरवर यातलं बरंच तयार मिळतं. सिस्टमडीचं ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ क्रॅशनंतर सर्व्हिस उठवतं, पण मूळ सेटिंगनुसार १० सेकंदांत ५ वेळा सुरू होऊनही पडली तर हात टेकतं; ‘रीस्टार्टसेक’ ५ सेकंद ठेवलं तर त्या मर्यादेला धडकत नाही. गनिकॉर्न हा पायथनचा वेब सर्व्हर मेलेला वर्कर बदलतो आणि सिगकिल असेल तर ‘परहॅप्स आउट ऑफ मेमरी?’ अशी शंकाही लॉगमध्ये टाकतो. सेलरीत (रांगेतली कामं वर्करकडून करून घेणारी लायब्ररी) ‘वर्कर_मॅक्स_मेमरी_पर_चाइल्ड’ आहे, आकडा किलोबाइटमध्ये. ती मर्यादा काम संपल्यावर तपासली जाते, चालू असताना नाही. एकाच कामाने सगळी मेमरी खाल्ली तर तिचा काही उपयोग नाही. वर्कर मेल्यावर काम पुन्हा रांगेत टाकायला ‘टास्क_ॲक्स_लेट’ आणि ‘टास्क_रिजेक्ट_ऑन_वर्कर_लॉस्ट’ दोन्ही लागतात. पण ही जोडी लावल्यावर क्रॅश घडवणारं काम पुन्हा पुन्हा रांगेत येतं आणि एकामागून एक वर्कर खात सुटतं. म्हणून काम सुरू करताना रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस) त्या कामाच्या आयडीचा आकडा एकाने वाढवा, नीट संपलं की खोडा, आणि सुरुवातीलाच आकडा ३ झालेला दिसला तर काम न करता बाजूला टाका. आकडा वाढवण्याची ओळ एक्स्टेन्शनला हात लावण्याच्या आधी असली पाहिजे.